जुनं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड काढून नवं टी४०० घ्यावं का?

रोजचं काम सॉलिडवर्क्सवर (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि अधूनमधून गेम, असं तुम्ही लिहिलंय. गेमसाठी हा बदल अजिबात करू नका. १०५० टीआय २०१६ चं असलं तरी त्यात ७६८ कुडा कोर (गणितं करणारे छोटे घटक) आहेत, २०२१ च्या टी४०० मध्ये फक्त ३८४. मेमरीचा वेगही जुन्याचाच जास्त: सेकंदाला ११२ जीबी, टी४०० चा ८०. टी४०० ला 'प्रोफेशनल' म्हटल्याने चिप ताकदवान होत नाही.

जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः ड्रायव्हरसाठी, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत टी४०० सारखी वर्कस्टेशन (व्यावसायिक कामाची) कार्डं असतात, १०५० टीआयसारखी जीफोर्स (गेमिंगची) नसतात; त्यामुळे रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्यासारखं दाखवायची सोय) सरळ चालू होतं आणि काही अडलं तर दाद मागता येते. पोटापाण्याचं काम असेल तर हे फार मोलाचं आहे. टी४०० ला वीजही जेमतेम ३० वॅट. मात्र तिन्ही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय मॉनिटरला अडॅप्टर लागेल.

माझं मत विचाराल तर बजेट थोडं ताणून टी१००० बघा. ८९६ कोर, ५० वॅट, वेगळी पॉवर केबल नको. तुमची दोन्ही कामं त्यावर निभावतील.