वाचक विचारतात : साथीनंतरचा दातांचा दवाखाना

प्रश्न : धनकवडीत १० बाय १० च्या गाळ्यात दातांचा दवाखाना सुरू करतेय. मागे पार्किंगकडे एक खिडकी आहे, स्प्लिट एसी बसवणार आहे. करोनात सगळे एक्झॉस्टबद्दल बोलत होते. तो आताही लागतो का? केवढा?
(एक दंतवैद्य)

उत्तर : लागतो. एअरोटरचा (दात कोरायच्या यंत्राचा) बर, म्हणजे टोकाची कोरणी, मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो आणि तो तापू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू असतो. त्यात लाळ मिसळते, कधी रक्तही. मोठे थेंब ट्रेवर पडतात, ते पुसता येतात. बारीक कण खोलीत तरंगत राहतात. अल्ट्रासॉनिक स्केलरचंही (दातांवरचा थर काढायच्या यंत्राचंही) तेच. २०२० मध्ये दवाखान्यांतून ही दोन यंत्रं आधी थांबली ती याचसाठी.

हिशोब सोपा आहे. छत १० फूट धरलं तर खोली १००० घनफुटांची. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर १२,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला २००. पंख्यावर छापलेला आकडा जाळी आणि पाइप लागल्यावर मिळत नाही, म्हणून मिनिटाला ३०० घनफुटांचा घ्या. तासाला १२ बदल असतील तर तरंगणारे ९९ टक्के कण साधारण २३ मिनिटांत जातात, तासाला ६ बदल असतील तर ४६ मिनिटं लागतात. दोन अपॉइंटमेंटमधलं अंतर यावरून ठरवा. एसी या हिशोबात धरू नका, तो तीच हवा थंड करून फिरवतो.

फसतं ते पुढे. पंखा बसतो, पण हवा आत यायला वाट नसते. दार घट्ट लावलं की तो नुसता घुमतो. पंखा खिडकीत, रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला लावा आणि समोरच्या दाराला खाली जाळी ठेवा. आत येणारी हवा वेटिंगमधली असणार, तेव्हा तिथलंही एक तावदान उघडं हवं. उदबत्ती पेटवून खुर्चीपाशी धरा. धूर तुमच्या तोंडाकडे आला तर मांडणी चुकली. काम चालू असताना छताचा पंखा बंद.

त्याआधी पैसे हाय-व्हॅक्यूम सक्शनवर घाला. लाळ ओढणारी बारीक नळी फवारा पकडत नाही. ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं तोंड हवं, आणि ते दाताशी धरून ठेवणारी असिस्टंटही.

प्रश्न : करोनात दवाखान्याच्या दारातच अंगावर जंतुनाशकाची फवारणी, मग गुळण्या. आता दोन्ही बंद. नाटक होतं का?
(नारायण पेठेतील वाचक)

उत्तर : फवारणी, हो. माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. गुळण्यांनी तोंडातले जंतू थोडा वेळ कमी होतात, घशातून-फुप्फुसातून येणारे नाहीत. स्केलिंगआधी आजही करायला हरकत नाही : ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक भाग, पाच भाग पाणी, एक मिनिट, मग थुंकायचं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. वरचे तीन दात अचानक हलू लागलेत, गाल बधिर वाटतो. २०२१ मधली काळी बुरशी आठवून भीती वाटते.
(हडपसर)

उत्तर : भीती रास्त आहे, थांबू नका. म्युकर, म्हणजे हीच काळी बुरशी, रक्तवाहिन्या बंद करतो, जबड्याचं हाड मरतं आणि वरवर बरे दिसणारे दात सुटे होतात. दुसऱ्या लाटेत कित्येक रुग्ण याच तक्रारीने आधी दंतवैद्याकडेच आले. दात काढण्याची घाई नको. अशा हाडातली जखम भरत नाही. आजच साखर तपासा आणि ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग गाठा. तिथे दुर्बिणीने नाक बघतील, सायनसचा स्कॅन करतील. टाळूवर काळा डाग, डोळ्याला सूज किंवा एकाचे दोन दिसणं असेल तर रात्रीही निघा.

हे वाचणाऱ्या दंतवैद्यांसाठी : तपासणीसाठी तुकडा घेतलात तर त्याचे दोन भाग करा. एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा नॉर्मल सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यातून बुरशी वाढवता येत नाही, आणि तुकडा कुटला तरी तिचे नाजूक तंतू मरतात.