रशियातला 'लिबेराल' आणि आपला 'उदारमतवादी'

प्रश्न असा आला आहे : रशियन बातम्यांत 'लिबेराल' हा शब्द पुष्कळदा शिवीसारखा येतो. भाषांतरात 'उदारमतवादी' लिहिलं की वाक्याचा सूरच उलटा होतो. मग काय लिहावं?

शंका रास्त आहे. आपल्या शब्दात 'उदार' बसलेला आहे आणि तो ऐकताच रानडे, गोखले आठवतात. रशियन कानाला 'लिबेराल'मध्ये असलं काही ऐकू येत नाही. सढळ हाताच्या माणसाला तिथे 'श्चेद्री' हा वेगळाच शब्द आहे.

डाग तसा जुना. १९३१च्या एका पत्रात स्टालिनने 'ग्निलोय लिबेरालिझम', म्हणजे कुजका लिबरलपणा, असं म्हटलं होतं. विरोधकांशी बोटचेपेपणा, हा त्याचा अर्थ. पण खरा घाव १९९२चा. २ जानेवारीला रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान येगोर गायदार यांच्या धोरणानुसार बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी बंधन उठलं. त्या निर्णयाचं नावच 'लिबेरालिझात्सिया त्सेन', किमतींचं उदारीकरण. वर्षअखेर किमती सुमारे २६ पट झाल्या, बँकेतली जन्माची पुंजी मातीमोल झाली. भाव सरकारच ठरवतं, एवढंच ठाऊक असलेल्या पिढीच्या घरात हा शब्द शिरला तो किराणाच्या पिशवीतून.

तेव्हाच लोकांच्या तोंडी आलेला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. खाजगीकरण म्हणजे 'प्रिवातिझात्सिया'; 'प्रिख्वातित' म्हणजे हाताला लागेल ते लाटणं. दोन्ही मिळून 'प्रिख्वातिझात्सिया'! मधे एक 'ख' आला आणि खाजगीकरणाची लूट झाली. त्याच वर्षी नागरिकांना सरकारी कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी १०,००० रूबलची व्हाउचरं वाटली गेली. एकाची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल, असं खाजगीकरणाचे सूत्रधार अनातोली चुबाइस म्हणाले होते. कित्येकांनी ती मिळेल त्या भावाला विकून टाकली. तो राग या एका अक्षरात मावला आहे.

पोलंडमध्येही २००५च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लेख काचिन्स्की यांनी 'सॉलिडॅरिटीचा पोलंड' विरुद्ध 'लिबरल पोलंड' अशी लढत मांडली आणि जिंकली. सॉलिडॅरिटी ही तर कम्युनिस्ट राजवटीला हादरवणारी कामगार संघटना, काचिन्स्की स्वतः तिच्यातलेच. राजवट नकोशी होती, पण तिने दिलेली रोजगाराची हमी गेल्याचं दुःख खरं होतं.

म्हणून माझं मत : शिवी असेल तिथे 'लिबरल' तसाच ठेवावा, रोख १९९२च्या धोरणावर असेल तर 'उदारीकरणवाले' म्हणावं. मतस्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस स्वतःला 'लिबेराल' म्हणवत असेल, तर मात्र 'उदारमतवादी'च लिहावं. तो मान त्याचा आहे. पक्षाच्या नावाचं भाषांतर करूच नये. रशियन नेते झिरिनोव्स्की यांचा 'लिबरल डेमोक्रॅटिक' पक्ष कट्टर राष्ट्रवादी होता.