जुनं कर्ज फेडायचंय, पण बँकेत खातंच सापडत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००६ साली गिरगावातल्या एका शाखेतून वैयक्तिक कर्ज घेतलं, नोकरी सुटली, हप्ते थकले. पुढे तुम्ही डोंबिवलीला राहायला गेलात आणि ती बँकही दुसऱ्या बँकेत विलीन झाली. आता पैसे हातात आहेत, मनाला लागून राहिलंय म्हणून फेडायला गेलात, तर काउंटरवरून उत्तर मिळालं की या नावाचं कर्जखातं दिसत नाही. मग पैसे भरायचे कुठे?

मी एका सरकारी बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं मुंबईतल्याच वसुली विभागात. तुमच्यासारखी स्वतःहून पैसे भरायला आलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना शाखांमधून परत पाठवलेलंही पाहिलंय. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. त्याच्या स्क्रीनवर सध्या व्यवहार सुरू असलेली खातीच येतात. वर्षानुवर्षं थकलेलं कर्ज बँक निर्लेखित करते, म्हणजे राइट ऑफ करते, आणि अशी खाती अनेक बँकांत वेगळ्या शीर्षाखाली किंवा थकीत कर्जांच्या खास शाखेकडे वर्ग होतात. स्टेट बँकेत त्याला 'ऑका' खातं म्हणतात. शाखेत नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला ते कुठे बघायचं हे ठाऊक असेलच असं नाही. आणि राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. ती बँकेच्या हिशेबातली नोंद आहे. येणं तसंच राहतं.

दुसरं कारण विलीनीकरणाचं. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, अलाहाबाद इंडियन बँकेत गेली. खासगीत आयएनजी वैश्य २०१५ मध्ये कोटककडे गेली, तर सिटीबँकेची भारतातली कार्डं आणि किरकोळ कर्जं मार्च २०२३ पासून अ‍ॅक्सिसकडे आहेत. प्रत्येक वेळी खाते क्रमांक बदलण्याची शक्यता असते. तुमच्याकडचा जुना क्रमांक नव्या संगणकात टाकून काहीच आलं नाही, तर त्याचा अर्थ तो क्रमांक आता चालत नाही, एवढाच.

तिसरं कारण फार साधं आहे आणि मी ते सर्वात जास्त वेळा पाहिलंय. जुन्या खात्यांना पॅन जोडलेला नसतो, नुसतं नाव आणि पत्ता असतो. नाव कधी आडनावापासून, कधी वडिलांच्या नावासकट, कधी फक्त आद्याक्षरांनी लिहिलेलं. पत्त्यात 'डिलाईल रोड' आणि तुम्ही शोधायला सांगता 'ना. म. जोशी मार्ग'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी खातं पडद्यावर येत नाही. म्हणून अर्जात नावाची सगळी रूपं, तेव्हाचा चाळीचा पत्ता, तेव्हाची कंपनी, कर्जाची अंदाजे तारीख आणि रक्कम लिहा. जामीनदार असेल तर त्याचंही नाव द्या, कारण कित्येकदा कर्जदाराच्या नावाने न सापडलेलं खातं जामीनदाराच्या नावाने सापडतं.

घरातले जुने कागद काढा. मंजुरीपत्र मिळालं तर उत्तमच, पण हप्त्याची एखादी पावती, चेकबुकातली स्थळप्रत, पगारातून कपात झाली असेल तर पगारपत्रक, यातलं काहीही चालतं. जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानावर 'एल.एफ.' असं छापून पुढे पेनने आकडा लिहिलेला दिसला तर तो लेजरच्या, म्हणजे बँकेच्या खातेवहीच्या, पानाचा क्रमांक. जुन्या नोंदी शोधणाऱ्याला त्या एका आकड्याने मोठी मदत होते. पासबुक तिथे ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या.

यानंतर, किंवा याच्याही आधी, स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढा. आपल्याकडे सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा, कारण एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे असू शकते. त्यात कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, खातं उघडल्याची आणि शेवटच्या भरण्याची तारीख, आणि खात्याची स्थिती दिसते. तिथे बँकेऐवजी एखाद्या अ‍ॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीचं, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीचं, नाव असेल तर तुमचं कर्ज विकलं गेलंय. मग बँकेला पैसे देऊन उपयोग नाही, येणं आता त्या कंपनीचं आहे. बँकेकडून 'हे कर्ज अमुक कंपनीला अमुक तारखेला हस्तांतरित केलं' असं लेखी घ्या आणि ती कंपनी रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीकृत यादीत आहे ना, ते रिझर्व्ह बँकेच्याच संकेतस्थळावर बघा. रिपोर्टमध्ये काहीच आलं नाही तर लगेच सुटलो समजू नका. या कंपन्यांवर माहिती किमान ७ वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, त्यापुढची नोंद निघून गेलेली असू शकते.

सरकारी बँक असेल तर माहितीचा अधिकार वापरा. लोक हा मार्ग विसरतात. १० रुपये शुल्क, ऑनलाइन अर्ज, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. स्वतःच्या खात्याची माहिती मागताय, तेव्हा 'त्रयस्थाची माहिती' म्हणून नाकारता येत नाही. काउंटरवर कुणी न शोधलेलं खातं माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावरून रीतसर शोधलं जातं, हे मी आतून पाहिलंय. खासगी बँकेला हा कायदा लागू नाही. तिथे शाखेत लेखी अर्ज, मग बँकेने तक्रारींसाठी नेमलेला नोडल अधिकारी, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. तिला पैसे पडत नाहीत आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

सहकारी बँकेचं प्रकरण वेगळं. बँक बंद पडली म्हणजे कर्ज बुडालं असं नाही. मुंबईतल्या सीकेपी सहकारी बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला. अशा बँकेचं येणं अवसायक, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला नेमलेला अधिकारी, वसूल करतो, त्याच्याच कार्यालयात जायचं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली तुमच्या किंवा जामीनदाराच्या नावाने वसुली दाखला निघालाय का, तेही तिथेच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे कर्ज आज नेमकं कुणाचं आहे हे लेखी हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. चौकशी सुरू केली की कधीकधी फोन येऊ लागतात, 'साहेब, सवलत फक्त आजच आहे, या नंबरवर यूपीआय करा'. अजिबात करू नका. वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला मनाई आहे आणि पैसे त्याच्या खात्यात कधीच जात नाहीत. शाखेतला कुणी भला माणूस म्हणाला, 'खातं सापडेपर्यंत सस्पेन्समध्ये जमा करून ठेवतो', म्हणजे कुठल्या खात्याचे हे न ठरलेल्या पैशांच्या तात्पुरत्या खात्यात, तर त्यालाही नम्रपणे नको म्हणा. ते पैसे तुमच्या कर्जापोटी जमा धरले जात नाहीत, आणि तो अधिकारी बदलून गेला की मागे राहिलेली नोंद उलगडताना तुमचा जीव जाईल. त्याच बँकेत नवं बचत खातं उघडून मोठी रक्कम ठेवण्याचीही घाई नको. बँक ती परस्पर कर्जापोटी वळती करू शकते आणि मग तडजोडीचं बोलणं राहून जातं.

पहिल्या पत्रात फक्त माहिती मागा: 'माझ्या नावे कर्जखातं असल्यास त्याचा क्रमांक, उतारा आणि आजची येणे रक्कम कळवावी.' 'मी सगळी थकबाकी भरेन' असं सही करून लिहू नका. मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते. ती उलटली तर कर्ज संपत नाही, फक्त कोर्टात जाण्याचा मार्ग बंद होतो. पण करार कायद्याच्या कलम २५ नुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं सही केलेलं वचन हा नवा करार ठरतो. तुम्ही फेडणार आहात, तुमची नियत साफ आहे, हे मला दिसतंय. तरीही रक्कम ठरायच्या आधी वीस वर्षांच्या व्याजासकट आकडा मान्य करणारा कागद देण्याचं काहीच कारण नाही. बँकेने तेव्हा दावा लावून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा निकाल, मिळवला असेल तर त्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षं मिळतात, म्हणून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने एकदा शोध घ्या.

खातं सापडलं की एकरकमी परतफेडीचा अर्ज करा. बँकेने हे कर्ज बुडीत धरून त्याची तरतूद, म्हणजे नफ्यातून वजावट, केव्हाच करून टाकलेली असते, त्यामुळे आता येणारी रक्कम थेट तिच्या नफ्यात जाते. मुद्दल आणि थोडं व्याज यावर बोलणी होतात, निदान आमच्याकडे व्हायची. जमेल तर पूर्ण रक्कम भरून रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' लिहून घ्या. सवलत घेतली तर 'सेटल्ड' लागतं आणि पुढे मुलाच्या शिक्षणकर्जाला सहकर्जदार म्हणून उभं राहताना ते नडतं. मंजुरीचं पत्र लेटरहेडवर आलं की मगच पैसे भरा, तेही थेट कर्जखात्यात, एनईएफटीने किंवा बँकेच्या नावाच्या डीडीने. मग बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे काहीही येणं बाकी नाही असा दाखला, घ्या आणि तेव्हा सही करून दिलेले कोरे चेक परत मागा. रिपोर्टमधली नोंद दुरुस्त करायला अर्ज दिल्यापासून ३० दिवस मिळतात, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

आणि सगळं करूनही खातं मिळालंच नाही तर? असंही होतं. कित्येक जुन्या नोंदी बँकांनी ५ किंवा ८ वर्षं जपायच्या असतात, त्यानंतर त्या नष्ट झालेल्या असू शकतात. तेव्हा तुमची बँक जिच्यात विलीन झाली त्या नव्या बँकेकडून 'आमच्या नोंदींनुसार यांच्या नावे कोणतंही कर्ज येणे नाही' असं पत्र घ्या. त्यावर तारीख, शिक्का, अधिकाऱ्याचं नाव आणि सही हवी. माहिती अधिकारातलं उत्तर आलं असेल तर तेही तितकंच भक्कम. दोन्हींच्या प्रती काढा, एक जामीनदाराकडे नेऊन द्या, कारण इतकी वर्षं त्याच्याही डोक्यावर हे होतं. तुमच्याकडून फेडीचा प्रयत्न पूर्ण झालेला असेल, आणि उद्या कुणी वसुलीचा फोन केला तर दाखवायला कागद हातात असेल.