डायरेक्ट डेबिट 145 वरून 210 पाउंड झाला : आधी हिशेब, मग पुरवठादार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मिल्टन कीन्समध्ये 1 ऑक्टोबरपासून भाड्याच्या टेरेस्ड घरात राहता, वीज आणि गॅस एकाच पुरवठादाराकडे, दर एका वर्षासाठी फिक्स केलेले, महिन्याला 145 पाउंड डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता). मार्चअखेर ईमेल आला की खात्यावर 161 पाउंड बाकी आहे आणि पुढच्या महिन्यापासून 210 कापले जातील. बँकेच्या अॅपमधून डेबिटच रद्द करू का, असं विचारलंत.

आत्ता रद्द करू नका. तो हक्क तुम्हाला कधीही आहे, पण त्याने रक्कम कमी होत नाही, फक्त भरण्याची पद्धत बदलते. डायरेक्ट डेबिटचा दर बिल आल्यावर पैसे भरण्याच्या दरापेक्षा स्वस्त असतो. सर्वसाधारण घराला वर्षाकाठी 100 पाउंडांहून जास्त फरक पडतो. शिवाय हप्ता चुकला की थकबाकीची पत्रं सुरू होतात आणि त्याची नोंद क्रेडिट फाइलवर जाऊ शकते. उद्या मॉर्गेज घ्यायचं असेल तर ते नडेल.

मुळात हा डेबिट म्हणजे बिल नव्हे. महावितरणचं बिल आपण रीडिंगनंतर, वापराइतकं भरतो, ऑटोपे लावला तरी बिलाची रक्कमच जाते. इथल्या फिक्स्ड मंथली डायरेक्ट डेबिटमध्ये पुरवठादार वर्षाच्या वापराचा अंदाज बांधतो, त्याचे बारा सारखे हप्ते करतो आणि खरं बिल मागाहून खात्यात वजा होत राहतं. तुमचे फिक्स आहेत ते प्रति युनिट दर आणि स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार). हप्ता फिक्स नाही. त्यामुळे दर न बदलता हप्ता वाढणं नियमाबाहेर नाही. मात्र तो कशाच्या आधारावर वाढवला हे साध्या भाषेत सांगणं आणि हाताशी असलेल्या सर्वांत ताज्या, सर्वांत चांगल्या माहितीवरून रक्कम ठरवणं पुरवठादाराला बंधनकारक आहे. ऑफजेम, म्हणजे इथला वीज-गॅस नियामक, त्याच्या परवान्याचीच ती अट आहे, परवाना अट क्रमांक 27. सगळा वाद या दोन गोष्टींवर लढायचा, ‘फार महाग झालं हो’ यावर नाही.

फोन करण्याआधी आजची दोन्ही रीडिंग घ्या, मीटरच्या सीरियल नंबरसकट फोटो काढा. गॅस मीटरवर काळे आकडेच वाचायचे, दशांश चिन्हानंतरचे किंवा लाल आकडे सोडायचे. मग पहिलं बिल उघडून सुरुवातीचं रीडिंग बघा आणि भाडेकराराबरोबर मिळालेल्या इन्व्हेंटरीतल्या रीडिंगशी ताडून पाहा. इथे फरक निघण्याचं प्रमाण बरंच असतं : पुरवठादाराने सुरुवातीचा आकडा अंदाजाने कमी धरलेला असतो आणि आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या खात्यावर आलेला असतो. तसं असेल तर इन्व्हेंटरीचं पान पाठवा, सगळी बिलं नव्याने करावी लागतील आणि पुढचा हिशेबही बदलेल.

बिलावर रीडिंगशेजारी ते प्रत्यक्ष आहे की अंदाजित हेही लिहिलेलं असतं. स्मार्ट मीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मीटरचं नेटवर्क तुटलं तर तो मुकाट्याने साधा मीटर होतो आणि बिलं अंदाजावर निघू लागतात.

तुमची रीडिंग बरोबर आहेत असं धरून हिशेब मांडू. सहा महिन्यांत गॅस 696 घनमीटर, वीज 1,550 युनिट, असं तुम्ही दिलंय. घनमीटरचे युनिट (किलोवॉट-तास) असे करतात : 696 × 1.02264 × 39.5 ÷ 3.6. यातला 39.5 म्हणजे गॅसचं उष्णतामूल्य. तो आकडा थोडा बदलत राहतो, तुमच्या बिलावर छापलेला घ्या. उत्तर येतं सुमारे 7,800 युनिट. घाईत असाल तर घनमीटरला 11.2 ने गुणा.

आता वर्षाचा अंदाज, आणि खरी गोम इथेच आहे. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने म्हणजे अर्धं वर्ष, म्हणून दुप्पट करायचं नाही. गॅसवर हीटिंग असलेल्या घरात वर्षाचा साधारण तीन चतुर्थांश गॅस याच सहा महिन्यांत जळतो, वीज मात्र निम्म्याहून थोडीच जास्त. म्हणजे वर्षाचा गॅस सुमारे 10,400 युनिट आणि वीज सुमारे 2,900. ऑफजेमने 2023 मध्ये सर्वसाधारण घरासाठी 11,500 आणि 2,700 धरले होते, तेव्हा तुमचे आकडे अगदी नेहमीच्या घराचे आहेत.

दर तुम्ही लिहिले नाहीत, म्हणून गोल आकडे घेतो, व्हॅटसकट : वीज 26 पेन्स, गॅस 6 पेन्स, स्टँडिंग चार्ज रोज 54 आणि 34 पेन्स. वीज 754 पाउंड, गॅस 624, दोन्ही स्टँडिंग चार्ज मिळून वर्षाचे 321. एकूण 1,699, म्हणजे महिन्याला 141 पाउंड 60 पेन्स. तुमचे दर घालून हे पुन्हा करा, पण मुद्दा बदलणार नाही : तुमचा जुना 145 चा हप्ता पुरेसा होता.

मग 161 ची बाकी आली कुठून? तुम्ही ऑक्टोबरमध्ये आलात म्हणून. सहा हप्त्यांचे 870 पाउंड भरलेत आणि या सहा महिन्यांचा खर्च सुमारे 1,031 झाला. उन्हाळ्याचे सहा महिने अजून यायचेत. त्यांचा खर्च येईल सुमारे 668 आणि तुम्ही भराल पुन्हा 870. सप्टेंबरअखेर बाकी फिटून खात्यात 40 पाउंडांच्या आसपास जमा असतील. याच घरात कोणी एप्रिलमध्ये राहायला आलं असतं, तर त्याचे सप्टेंबरपर्यंत 200 जमा झाले असते आणि मार्चमध्ये खातं शून्याजवळ आलं असतं. तेच घर, तोच वापर, तोच हप्ता. शरद ऋतूत खातं उघडलेल्या माणसाची मार्चमधली बाकी ही हप्ता अपुरा असल्याची खूण नव्हे, आणि वसंतात खातं उघडलेल्याची सप्टेंबरमधली शिल्लक ही जास्त कापल्याची खूण नव्हे. नव्याने आलेली आपली कित्येक मंडळी इथेच फसतात : एकजण घाबरून वाढीव हप्ता मान्य करतो, दुसरा सप्टेंबरमध्ये शिल्लक काढून घेतो आणि फेब्रुवारीत बाकीदार होतो.

आता 210 कसे आले ते उलट्या बाजूने काढू. 161 ची बाकी बारा महिन्यांत वसूल करायची म्हटलं तर महिन्याला 13 पाउंड. उरले 197, वर्षाचे 2,364. त्यातून स्टँडिंग चार्ज आणि वीज वजा केली तर गॅससाठी 1,289 राहतात, म्हणजे जवळजवळ 21,500 युनिट. तुमच्या खऱ्या वापराच्या दुपटीहून जास्त. याची दोन कारणं संभवतात. हिवाळ्याचा वापर सरळ ताणून वर्षाचा केला असेल, पण तसं केलं तरी 15,600 च होतात, 21,500 नाही. त्यामुळे दुसऱ्या कारणाची शक्यता मला जास्त वाटते : मीटरच्या नोंदीत आधीच्या कुटुंबाचा वार्षिक अंदाज अजून बसलेला आहे. प्रत्येक गॅस मीटरला असा एक वार्षिक आकडा चिकटलेला असतो, त्याला एक्यू म्हणतात. भाडेकरू बदलला म्हणून तो आपोआप बदलत नाही, पुरेशी रीडिंग गेल्यावर हळूहळू खाली येतो. म्हणून पुढचे काही महिने दर महिन्याला रीडिंग पाठवत राहा.

आणखी एक शक्यता पाच मिनिटांत तपासून होते. मीटरवर घनमीटरचं चिन्ह आहे की घनफुटाचं ते बघा आणि बिलात तसंच धरलंय का पाहा. जुने मीटर शंभर घनफुटांत मोजतात आणि त्यांच्या हिशेबात 2.83 ने गुणतात. घनमीटरच्या मीटरला चुकून हा गुणाकार लागला तर बिल जवळजवळ तिप्पट होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मीटरचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवावा आणि घरातला मेन स्विच बंद करून मीटर थांबतो का ते पाहावं. शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर असणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

एवढं हाताशी आल्यावर पुरवठादाराला लिहा. फोनपेक्षा ईमेल किंवा चॅट बरं, नोंद राहते. चार गोष्टी मागा : वीज आणि गॅसचा वार्षिक वापर किती धरला, दर कोणते धरले, 161 ची बाकी किती महिन्यांत वसूल करायची ठरवली, आणि पुढच्या मार्चअखेर खातं किती वर असेल असा त्यांचा अंदाज आहे. मग तुमची रीडिंग, फोटो आणि वर मांडलेला हिशेब देऊन 145 कायम ठेवायला सांगा. पुढच्या हिवाळ्याअखेर खातं उणे नको, असं ते म्हणाले तर ते म्हणणं अगदीच गैर नाही. त्यासाठी 141.60 अधिक 13.40, म्हणजे 155 लागतात. तेवढे मान्य करा, त्यापुढे नाही. बऱ्याच अॅपमध्ये हप्ता स्वतः खाली-वर करायची सोय असते, नवीन रीडिंग टाकून आधी तिथे प्रयत्न करून पाहा.

उत्तर गोलमोल आलं तर ‘ही माझी कंप्लेंट म्हणून नोंदवा’ असं स्पष्ट लिहा आणि तारीख जपून ठेवा. साधी चौकशी आणि कंप्लेंट यांत फरक आहे. आठ आठवड्यांची मुदत कंप्लेंटपासून मोजली जाते. त्यात सुटलं नाही, किंवा आधीच ‘आमचं हेच अंतिम’ असं डेडलॉक पत्र आलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि पुरवठादार यांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जाता येतं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही आणि तुम्ही निर्णय स्वीकारलात की तो पुरवठादारावर बंधनकारक असतो. डेडलॉक पत्रानंतर बारा महिन्यांच्या आत जायचं. लिहिताना अडत असेल तर सिटिझन्स अॅडव्हाइस ही मोफत सल्ला देणारी संस्था मदत करते. (ऑफजेमचं हे सगळं इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं आहे, बेलफास्टकडच्या वाचकांसाठी नियामक वेगळा आहे.) अशा तक्रारी वाऱ्यावर जात नाहीत. 2022 मध्ये हप्ते भरमसाट वाढले तेव्हा ऑफजेमने सगळ्या पुरवठादारांची तपासणी केली. पाच लाखांहून अधिक ग्राहकांचे हप्ते दुपटीपेक्षा जास्त झाल्याचं दिसलं आणि ते पुन्हा तपासायला लावले गेले.

बँकेच्या डायरेक्ट डेबिट गॅरंटीबद्दलही विचारलं होतंत. ती आहे, पण तिचं काम वेगळं आहे. रक्कम किंवा तारीख बदलायची तर आगाऊ सूचना द्यावी लागते, साधारण 10 कामकाजाचे दिवस किंवा करारात ठरलं असेल तेवढे. सूचनेविना कापलं, किंवा सूचनेत 210 आणि कापले 310 असं झालं, तर बँकेकडून लगेच परतावा मागा. तुम्हाला सूचना मिळाली आहे, म्हणून इथे ती लागू नाही. वापरलेल्या गॅसचे पैसे गॅरंटीखाली परत घेतलेत तर ते खात्यावर थकबाकी म्हणून उभे राहतील.

काहीजण व्हेरिएबल डायरेक्ट डेबिट सुचवतील, म्हणजे दर महिन्याच्या प्रत्यक्ष बिलाइतकेच पैसे जाणार. स्मार्ट मीटर नीट चालत असेल तर ही पद्धत स्वच्छ आहे, अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. पण तुमच्या घराला जुलैत 100 च्या आसपास आणि जानेवारीत 200 च्या पुढे जातील. हातात शिल्लक राखणाऱ्याने घ्यावी. महिनाअखेर ओढाताण असेल तर सारखा हप्ताच बरा.

आणि 155 सुद्धा झेपत नसतील तर तसं पुरवठादाराला आत्ताच सांगा. बाकीची वसुली तुमच्या ऐपतीनुसार ठरवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि त्यासाठी जास्त महिने मागता येतात.

कंत्राट संपायला 49 दिवस उरले की एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्याचा दंड) न भरता पुरवठादार बदलता येतो, तुमच्या बाबतीत ऑगस्टच्या मध्यापासून. तेव्हा दोन्ही मीटरचे फोटो पुन्हा काढा. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं आणि खात्यात जमा असलेले पैसे त्या बिलानंतर 10 कामकाजाच्या दिवसांत परत.