सबमशीन गनवरून घडलेले पिस्तूल : वाचकांचे प्रश्न

सबमशीन गनवरून (म्हणजे पिस्तुलाची काडतुसे सलग झाडणाऱ्या आखूड बंदुकीवरून) घडवलेले शस्त्र पिस्तूल मानायचे की सबमशीन गन, आणि ते जुने झाले की कायद्यातून सुटते का, या दोन शंका जवळजवळ प्रत्येक पत्रात असल्यामुळे या वेळी उत्तरे एकत्र देत आहे.

अमेरिकेतील माझ्या भाच्याने जुने ‘एसपी ८९’ पिस्तूल घेतले आहे. ती एमपी ५ ही सबमशीन गनच आहे, असे तो म्हणतो. खरे का? (धरमपेठ)

अर्धे खरे आहे. हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीने १९८९ मध्ये हे पिस्तूल एमपी ५ च्या आखूड आवृत्तीवरून, म्हणजे एमपी ५ के वरून घडवले. गोळीबारानंतर बोल्टचे (काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या भागाचे) उघडणे क्षणभर लांबवणारे दोन रोलर दोघांतही आहेत. परंतु या पिस्तुलाला खांद्याचा दस्ता नाही, पुढची उभी मूठ नाही आणि चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. तेथील एका रेंजवर मी ते हाताळले आहे. नळीवरची खिट्टी मागे खाचेत अडकवून तळहाताने खाली मारली की बोल्ट ज्या नेटकेपणाने बंद होतो, तसा फार थोड्या शस्त्रांत होतो. मात्र सुमारे दोन किलो वजन दस्त्याविना पेलताना मनगट लवकर थकते, त्यामुळे संग्रहासाठी उत्तम आणि नेमबाजीसाठी अडचणीचे, असे माझे मत आहे. त्याला दस्ता बसवण्याआधी भाच्याने तेथील वकिलाला अवश्य विचारावे, कारण पूर्वपरवानगीशिवाय तो बसवणे तेथे गुन्हा ठरतो.

‘एसपी ८९’ भारतात आणता येईल का? (सक्करदरा)

नाही, सैन्याचे ९ मिमी काडतूस ज्यात बसते, ते पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही.

आजोबांच्या पेटीत गंजलेली कार्बाइन (आखूड नळीची बंदूक) सापडली. पन्नास वर्षांवरील शस्त्राला परवाना लागत नाही, असे सर्वजण सांगतात. (महाल)

हे ‘सर्वजण’ कोण, हे मला अनेक वर्षांत कळलेले नाही, आणि त्यांच्या सांगण्यावर विसंबून लोक अशा पेट्या महिनोन्‌महिने पलंगाखाली ठेवतात, याची मला मनापासून काळजी वाटते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधील सवलत केवळ वयावर मिळत नाही. शस्त्र कालबाह्य धाटणीचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त असावे लागते आणि दुरुस्ती करूनही ते चालण्याजोगे नसावे लागते. गंज म्हणजे निकामी होणे नव्हे. वरून तांबूस झालेल्या नळीचा आतला भाग शाबूत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे. शिवाय चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटतच राहणारे शस्त्र निषिद्ध वर्गात मोडते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते विनापरवाना बाळगण्यास किमान सात वर्षांची शिक्षा आहे. तेव्हा पेटीला हात लावू नका, तेल घालू नका, छायाचित्रे कोणाला पाठवू नका. आजच वकिलाशी बोला, पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या.

मोबाइलवर एक दलाल ‘निकामी केलेली उझी, प्रमाणपत्रासह’ विकतो आहे. (उझी ही इस्रायली सबमशीन गन.) दिवाणखान्यात लावावी का? (कामठी)

एक रुपयाही देऊ नका. शस्त्र निकामी आहे की नाही, हे विकणाऱ्याच्या शिक्क्याने ठरत नाही. हौस असेल तर लाकडी प्रतिकृती करून घ्या, आणि तीही बाहेर मिरवण्याआधी पोलिसांना विचारा.

वडिलांच्या निधनानंतर त्यांचे परवान्याचे पिस्तूल घरीच आहे. वर्षश्राद्धानंतर पाहिले तर चालेल का? (इतवारी)

चालणार नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करा. वारस म्हणून तुमच्या नावे परवाना हवा असल्यास शहरात पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत अर्ज करा आणि तेथेच पुढची कागदपत्रे विचारून घ्या.