पाच भेटी, एक्स्ट्राज कव्हर आणि न विचारलेला सरचार्ज

मेलबर्नहून एक वाचक लिहितात: ‘आम्ही दोघेही ४४ वर्षांचे, एकत्रित उत्पन्न सुमारे २,१५,००० डॉलर, एक मुलगी, कायम वास्तव्याला सहा वर्षे झाली. मला टाइप २ मधुमेह आहे. मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेच्या, फिजिओसारख्या तज्ज्ञांकडच्या पाच अनुदानित भेटी मार्चमध्येच संपतात, म्हणून महिना १४० डॉलरचे एक्स्ट्राज कव्हर, म्हणजे रुग्णालयाबाहेरच्या अशा उपचारांचा खासगी विमा, घेतले. गेल्या वर्षी त्यातून ७०० डॉलर मिळाले. ते चालू ठेवावे का? सरचार्जही वाचतो असे विमा एजंट म्हणाले, रिटर्नमध्ये तसेच भरले आहे.’

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: वर्षाला १,६८० डॉलर भरून ७०० परत मिळत असतील, तर ते कव्हर बंद करावे. जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, दीर्घकालीन आजाराचा आराखडा करून दिला, की एका कॅलेंडर वर्षात पाच भेटींवर मेडिकेअर प्रत्येकी साधारण ६० डॉलर देते. त्या पोडियाट्रिस्ट (पायांचे तज्ज्ञ), आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा सर्वांच्या मिळून पाच असतात, आणि उरलेल्या पुढच्या वर्षी वापरता येत नाहीत. तुमचे क्लिनिक भेटीला ११० डॉलर घेत असेल, तर सहावी ते दहावी भेट पूर्ण खिशातून भरूनही ५५० डॉलरच लागतात. शिवाय टाइप २ मधुमेहासाठी, आधी मूल्यमापन करून, गटातील आठ सत्रे या पाचांव्यतिरिक्त मिळतात. त्यांची चौकशी जीपींकडे करावी.

आता न विचारलेली, पण अधिक महागाची गोष्ट. मेडिकेअर लेव्ही सरचार्ज, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्यांना लागणारा जादा कर, केवळ हॉस्पिटल कव्हरमुळे, म्हणजे रुग्णालयातील उपचारांच्या खासगी विम्यामुळे टळतो. एक्स्ट्राज कितीही महाग असले तरी त्याचा इथे काडीचाही उपयोग नाही, आणि हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. एक मूल असलेल्या कुटुंबासाठी उत्पन्नाची ही मर्यादा २०२४-२५ मध्ये १,९४,००० आणि २०२५-२६ मध्ये २,०२,००० डॉलर आहे. तुम्ही दोन्ही वर्षी तिच्या वर असल्याने एक टक्का, म्हणजे दोघांचे मिळून वर्षाला साधारण २,१५० डॉलर देणे लागता. करखात्याने विचारण्याची वाट न पाहता दोघांनीही आपापली रिटर्न दुरुस्त करून घ्यावीत. स्वतःहून केलेल्या दुरुस्तीवर दंडात सहसा सवलत मिळते.

हे वाचून घाईने हॉस्पिटल कव्हर मात्र घेऊ नका. मेडिकेअरमध्ये नोंदणी झाल्यावर पहिल्या वर्षात ते घेतले नाही, म्हणून आज घेतल्यास तिशीनंतरच्या प्रत्येक वर्षाला दोन टक्के, म्हणजे विम्याच्या हप्त्यावर २८ टक्के अधिभार लागेल आणि सलग दहा वर्षे कव्हर राखेपर्यंत तो सुटणार नाही. समजा मूळ हप्ता महिना २३० डॉलर असला, तर वर्षाचे साडेतीन हजार झाले. २,१५० वाचवण्यासाठी ३,५०० खर्च करणे, तेही ‘बेसिक’ श्रेणीतील कव्हरवर, ज्यात बहुतेक शस्त्रक्रिया येतच नाहीत, हा व्यवहार मला मान्य नाही. खासगी रुग्णालयात उपचार घेण्याची खरोखर इच्छा असेल तरच वरच्या श्रेणीचा विचार करावा, आणि तो लवकर करावा, कारण हा अधिभार दरवर्षी दोन टक्क्यांनी वाढतो.