प्रीमियर पद्मिनीची आयडल रेस (एक्सलेटर न दाबता इंजिनचा वेग) चढलेली राहते, स्क्रू पूर्ण सोडला तरी उतरत नाही. नवा कार्ब्युरेटर घ्यावा का?

नवा कार्ब इतक्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी गरम झाल्यावर रेस चढते, आयडल स्क्रू पूर्ण मागे घेतला तरी फरक नाही, मिक्स्चर स्क्रू आत आवळला तरी इंजिन बंद पडत नाही, आणि फिटर म्हणतो "कार्ब गेला, नवीन टाका". यातली मिक्स्चर स्क्रूची गोष्ट फार कामाची आहे, फिटरने तिच्याकडे लक्षच दिलेलं दिसत नाही.

बघा, इंजिन नुसत्या पेट्रोलवर रेस घेत नाही, त्याला तेवढी हवाही लागते. आयडलला बटरफ्लाय (कार्बमधली हवा अडवणारी फिरती चकती) जवळजवळ बंद असते आणि तिच्याखालच्या बारीक भोकातून थोडं पेट्रोल येतं, ते भोक कमीजास्त करतो तो मिक्स्चर स्क्रू. तो हलकेच पूर्ण आत नेला की ठीक असलेलं इंजिन फडफडून बंद पडायला हवं. नाही पडलं म्हणजे पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय, एकतर बटरफ्लाय नीट मिटत नाही आणि तिच्या कडेची वरची भोकं उघडी पडतात, नाहीतर चोक (थंड इंजिन सुरू करताना जास्त पेट्रोल देणारी सोय) अर्धवट लागलेला आहे. (स्क्रू जोर लावून आवळू नका, टोकाला खाच पडली की तो स्क्रू परत कधीच नीट सेट होत नाही.) आणि फिटर लोक मिक्स्चर पातळ करून रेस खाली आणतात ना, ते ताप आला म्हणून थर्मामीटर झटकण्यासारखं आहे.

आधी फुकटातलं बघा. बॉनेट उघडून कार्बच्या लिव्हरपासून एक्सलेटरचा रॉड काढून टाका आणि लिव्हर हाताने मिटवा. रेस पडली तर फॉल्ट लिंकेजमध्ये, रिटर्न स्प्रिंग ढिली, सांध्यात मळ, किंवा इंजिनचं माउंटिंग (इंजिन टेकतं ते रबर) खचलंय आणि इंजिन खाली गेल्यामुळे रॉड ओढला जातोय. हे शेवटचं कुणाच्या डोक्यात येत नाही पण जुन्या गाड्यांत सर्रास असतं.

त्यानंतर चोक. सोलेक्सचा (पद्मिनीच्या कार्बचा मेक) चोक बऱ्याच जणांना कळत नाही कारण वरून बघितलं तर तोंडात पडदाच दिसत नाही. चोकची केबल कार्बच्या बाजूला एका लिव्हरला जाते आणि आत एक गोल चकती फिरते, ती उघडली की बटरफ्लायला वळसा घालून पेट्रोल आणि हवा दोन्ही थेट खाली जातात, म्हणजे अर्धवट चोक राहिला की रेस चढणारच, आणि मग आयडल स्क्रू कितीही फिरवा. डॅशबोर्डवरची नॉब आत गेली म्हणजे चोक बंद झाला असं समजू नका, केबल मधेच अडकते. कार्बवरचा केबलचा स्क्रू ढिला करा, लिव्हर बोटाने पूर्ण मागे ढकला. रेस झपकन उतरली तर खर्च शून्य. थोडीच उतरली तर चकतीचा पृष्ठभाग झिजलाय किंवा मागची स्प्रिंग मेलीये, ते खोलून बघावं लागेल.

तरी नाही गेलं तर इंजिन भलतीकडून हवा ओढतंय का ते तपासा. एअर फिल्टर काढा, इंजिन चालू ठेवा आणि कार्बच्या तोंडावर सपाट लाकडाचा तुकडा धरा (हात नको, बॅकफायर झाला तर भाजेल). इंजिन लगेच मेलं तर हवा कार्बच्या तोंडातूनच जातेय. चालत राहिलं तर कुठूनतरी खालून हवा येतेय. बारीक गळतीत या टेस्टनेही इंजिन मरतं, म्हणून स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी कार्बच्या खालच्या पॅकिंगवर आणि बटरफ्लायच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांवर मारा, पाणी पडलं की इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐका. काही लोक पेट्रोल शिंपडतात, कृपा करून करू नका, सायलेन्सरचा गरम पाइप शेजारीच असतो. डिलकोवर (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर मिसफायर होईल आणि तुम्हाला वाटेल गळती सापडली.

पॅकिंग गळत असेल तर एकावर एक दोन पॅकिंग टाकून भागवू नका. दोन्ही नट वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने कार्बचा खालचा फ्लँज कानाकडे वाकतो. कार्ब काढा, जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासा, दोन कडाच चमकल्या आणि मधला भाग काळा राहिला तर वाकलाय, पूर्ण एकसारखा चमकेपर्यंत घासा. शाफ्ट वरखाली खटखट हलत असेल तर मात्र टर्नरकडे नवीन बुश बसवून घ्यावं लागतं, रिपेअर किटने ते जात नाही. आणि गाडीला कधी सीएनजी किट होतं का? किट काढताना मागे राहिलेली निप्पल (नळी जोडायचं टोक) नीट बंद केलीये का, रबराचा नुसता तुकडा कोंबलाय का ते बघा. ब्रेक बूस्टर नंतर बसवला असेल तर त्याचा पाइपही.

कार्ब हातात आहेच तर उन्हाकडे धरून मिटलेली बटरफ्लाय बघा, आयडल स्क्रू पूर्ण मागे घेऊन. एका बाजूने चंद्रकोरीसारखा उजेड दिसला तर कुणीतरी ती उलटी किंवा वाकडी बसवलीये. तिची कड तिरकी घासलेली असते, उलटी बसली तर मिटतच नाही. दोन बारीक स्क्रू ढिले करा, मिटवून आपोआप मध्ये बसू द्या, मग आवळा आणि स्क्रूची मागची टोकं हलकी ठोकून फाकवा, कारण ते सुटले तर सरळ सिलेंडरमध्ये जातात.

हे सगळं ठीक निघालं तर डिलको. टायमिंग (प्लगला ठिणगी पडायची वेळ) पुढे सरकवलं की रेस वाढते. आतल्या वजनांची स्प्रिंग तुटली की ती वजनं उघडीच राहतात, तेव्हा एक्सलेटर सोडल्यावर रेस हळूहळू, नाइलाजाने उतरते.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे सोलेक्स डोळे मिटून खोलणारे फिटर आता शोधावे लागतात, जुन्या टॅक्सीवाल्यांना विचारा. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला बघा, पण जुनी ओरिजिनल बॉडी मिळाली तर आधी शाफ्ट हलवून बघूनच पैसे द्या. फॉल्ट निघाल्यावर सेटिंग गरम इंजिनवर करा, मिक्स्चर स्क्रू हलकेच आत, मग दीड फेरा बाहेर, तिथून पुढेमागे करत सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथे ठेवा आणि मग आयडल स्क्रूने ७०० ते ८०० आरपीएमवर आणा.

चोकची केबल सोडून बघितल्यावर काय झालं ते कमेंटमध्ये टाका, माझा पहिला संशय तिथेच आहे.